केवड्यावरचे सहा, ताडावरचे सहा

बुधवारी सकाळी सव्वानऊला ज्येन लाओशींनी, म्हणजे ज्येन सरांनी, मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. बावीस वर्षांत ते दार मी कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. त्याला टेकून जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे असत. ते आधी हलवावे लागले.

टेबलावर यू-फनच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं. साठ पानांपैकी एकाच पानावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"थू, हा शेवटचा रकाना वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी वाचला. "सरळ, सरळ, आकडी, आकडी. सरळ, सरळ, आकडी, आकडी. सरळ, सरळ, आकडी, आकडी."

"गाणं आहे का हे?"



तक्ता बारा नर तुडतुड्यांचा होता. एक ते सहा समुद्रकाठच्या केवड्यावर पकडलेले, सात ते बारा आतल्या डोंगरातल्या रानताडावर. बाहेरून बाराही सारखेच: तांदळाच्या दाण्याएवढे, फिकट हिरवे, पंखावर धुरकट पट्टा. असल्या किड्यांची जात ठरवायची ती नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननभागावरून. पोट कापायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर भिजत ठेवायचं, मांस विरघळून गेलं की उरलेलं पारदर्शक कवच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. यू-फनला त्यात दोन आकार दिसले होते. काहींचं टोक गळासारखं वळलेलं, म्हणजे आकडी. काहींचं सुईसारखं सरळ.

त्याशिवाय तिनं प्रत्येक किड्याचा एक मागचा पाय तोडून जनुकांच्या तपासणीसाठी तैपेईला पाठवला होता. तिथून आलेलं उत्तर स्वच्छ होतं. केवड्यावरचे सहा एका गटात, ताडावरचे सहा दुसऱ्या गटात, दोघांत सहा टक्क्यांचा फरक. म्हणजे जनुकं सांगत होती, जाती दोन आहेत. आणि जननभागाचे आकार त्या दोन्ही गटांत सरमिसळ होऊन बसले होते. यावरून यू-फननं निष्कर्ष काढला होता की या कुळातल्या तुडतुड्यांची जात आकारावरून ठरवणं भरवशाचं नाही.

ज्येन लाओशींनी तीस वर्षांत एकसष्ट नव्या जातींना नावं दिली होती. सगळी आकारावरून.

"निसर्ग असा दोन-दोनच्या जोड्या लावून चालतो का?" ते म्हणाले. "बालवाडीतली पोरं आहेत ती, हात धरून रांगेत जायला? हा रकाना कुणीतरी बसून भरलाय."

"यू-फन असं कशाला करेल?"

"परदेशात छापून यायला. म्हातारा साठ वेळा चुकला, हे वाचायला कुणाला आवडणार नाही?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "शुक्रवारी दुपारी दोनला समिती बसतेय. तैपेईहून दोघं येतायत. रकाना बनावट ठरला तर तिचं नाव विद्यापीठाच्या पटावरून जाईल. पदवी नाही, पुढं कुठं प्रवेश नाही. संग्रह तुझ्या ताब्यात आहे. तोवर काय झालं ते शोधून लिहून दे."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तिनं सावरून घेतलं असतं."

यू-फन च्वो एकतीस वर्षांची होती. सहा वर्षं ती आमच्या संग्रहात काम करत होती, त्यातली चार हंगछुनच्या किनाऱ्यावर जाळं घेऊन. मी गेले तेव्हा ती खोक्यातला भात खात होती. समितीचं पत्र तिला आदल्याच संध्याकाळी मिळालं होतं. ते तिनं घडी करून चॉपस्टिक्सखाली ठेवलं होतं, टेबल खराब होऊ नये म्हणून.

"ताई, एक सांग," ती म्हणाली. "मला खोटेपणा करायचा असता तर मी इतका बावळटासारखा केला असता? दोन-दोन, दोन-दोन? अगं, मी जरा वेडंवाकडं लिहिलं असतं. आठवीतल्या पोरालाही तेवढं कळतं."

"तुला ती जोडी दिसली नव्हती?"

"दिसली. दोन रात्री झोप नाही लागली. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. मग म्हटलं, जे दिसतंय ते लिहायचं. लाओशींनीच शिकवलंय ना?"

"लाओशींना का नाही दाखवलंस?"

तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "कारण ते म्हणाले असते, तुझी जनुकं चुकली. आकार कधी चुकत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू पेटीची नोंदवही बघ. माझ्याशिवाय कुणी उघडली ते बघ. मग माझ्याकडं ये."

आमच्याकडं कुठलीही पेटी कपाटातून काढली की वहीत तारीख, वेळ आणि सही करावी लागते. यू-फनच्या पेटीसमोर ऑक्टोबरपासून अठरा नोंदी होत्या. चौदा तिच्या. तीन वंग आपेंच्या, म्हणजे आमच्याकडं नमुने तयार करणाऱ्या वंगकाकांच्या. एक ज्येन लाओशींची: बारा मार्च, दुपारी तीन ते तीन पंचवीस. त्या मंगळवारी यू-फन किनाऱ्यावर होती.

प्रत्येक तुडतुडा टाचणीवर असतो आणि त्याच टाचणीला, त्याच्या खाली, ग्लिसरीनची इवलीशी कुपी टोचलेली असते. त्या कुपीत त्याचं पोट. कुणाला कुप्यांची अदलाबदल करायची असेल तर किती वेळ लागेल? मी एक दुसरी, टाकाऊ पेटी घेतली आणि घड्याळ लावून बारा कुप्या हलवून पाहिल्या. सात मिनिटं लागली. मला चष्मा लावून सात, तर तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला आणखी कमी.

मी ज्येन लाओशींकडं परत गेले.

"हो, उघडली," ते म्हणाले. "मार्गदर्शक आहे मी तिचा. बघायला नको?"

"ती नसताना?"

"थू, तू कुणाची चौकशी करतेयस? तिची की माझी?"

"काय झालं ते शोध, म्हणालात. कुणाचं ते नाही म्हणालात."

ते हसले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "लिही," ते म्हणाले. "माझं नावही लिही. पंचवीस मिनिटं लिही. वेळ बरोबर लिहीत जा."

मी लिहिलं. हेही लिहिलं की बनावट रकान्यानं यू-फनचा फायदा होतो आणि यू-फन गेल्यानं ज्येन लाओशींचा. एकसष्ट जातींना हात लागत नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं.

गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेची कामाची वही काढली. सतरा ऑक्टोबरला वंग आपेंची नोंद: "बारा नर. पोटं कापून पोटॅशमध्ये ठेवली. क्रमानं." अठरा ऑक्टोबरला यू-फनची: "बाराही पोटं काढून ग्लिसरीनच्या कुप्यांत ठेवली. क्रमानं."

विद्यार्थ्यांच्या पेट्यांचं हे काम एरवी एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो. या खेपेला दोघांनी का केलं, ते मला आठवत होतं. तुंगकांगला राजनौकेचा उत्सव होता. तीन वर्षांतून एकदा येतो. वंग आपे विसाव्या वर्षापासून पालखी खांद्यावर घेतात. ते सतराला संध्याकाळी निघून गेले आणि चार दिवसांनी, खांद्यावर वळ घेऊन परत आले. मधल्या काळात त्यांचं उरलेलं काम यू-फननं पुरं केलं.

वंग आपे बहात्तर वर्षांचे. आधी पिंगतुंगच्या साखर संशोधन केंद्रात उसावरचे तुडतुडे मोजायचे, मग आमच्याकडं. विद्यापीठानं त्यांना दोनदा निवृत्त केलं आणि दोन्ही वेळा परत बोलावलं, कारण तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याचं पोट न फाटता कापणारा दुसरा हात आमच्याकडं नाही. डॉक्टरांनी सुपारी बंद केली आहे. ती ते खोलीच्या मागच्या पायरीवर बसून खातात.

तिथंच मी त्यांना गाठलं.

"आता माझी पाळी का?" त्यांनी विचारलं. "कुणी पाठवलं? लाओशींनी की त्या पोरीनं?"

"कुणी नाही. मीच आले."

"तू कधी कुणाच्या सांगण्याशिवाय आली आहेस?" त्यांनी तांबडी पिंक कागदी पेल्यात टाकली. "ऐक. तीस वर्षांत माझ्या हातून एक पोट हरवलं नाही, एक उलटं पडलं नाही. क्रमानं ठेवली म्हणजे क्रमानं ठेवली. पुढं पोरीनं काय केलं ते पोरीला विचार."

"ती म्हणते, तिनंही क्रमानंच काढली."

"मग दोघंही खरं बोलतोय आणि किडे खोटं बोलतायत. लिही तसं." ते उठले. "हल्लीची पोरं चिमटा चॉपस्टिकसारखा धरतात. आणि चॉपस्टिक तर त्यांना धरताच येत नाही."

तीन माणसं होती आणि तिघांचं बोट दुसऱ्याकडं होतं. यू-फनला वाटत होतं, लाओशींनी कुप्या बदलल्या. लाओशींना वाटत होतं, यू-फननं रकाना रचला. वंग आपेंना वाटत होतं, दोघं मिळून म्हाताऱ्याच्या माथी खापर फोडतायत. मला तिघांचाही संशय येत होता, आणि सगळ्यात जास्त यू-फनचा, कारण तिचं उत्तर सगळ्यात चांगलं होतं. इतकं चांगलं उत्तर माणूस आधीपासून तयार ठेवतो.

दुपारी वंग आपेंना वर्गासाठी उसावरचे बारा तुडतुडे तयार करायचे होते. मी त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसून माझं टिपण लिहू लागले. त्यांनी मला हाकललं नाही, पण पाठ केली. बारा खळग्यांची पांढरी चिनीमातीची ताटली त्यांनी समोर ठेवली, तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत चार खळगे. पहिलं पोट कापलं, सुईच्या टोकावर उचललं आणि ताटलीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सोडलं. दुसरं त्याच्याखाली. तिसरं त्याच्याखाली. चौथ्यासाठी हात पुन्हा वर गेला आणि एक घर डावीकडं सरकला.

मी लिहायचं थांबले.

त्यांच्या कोपराशी त्यांची वही उघडी होती. अक्षरं जुन्या चिनी रीतीनं वरून खाली उतरत होती, ओळी उजवीकडून डावीकडं जात होत्या. सरकारी कागद आडव्या ओळींचे झाले त्याला आठ वर्षं झाली, आणि विद्यापीठातले त्याच्याही आधी. या इमारतीत उलट्या बाजूनं उघडणारी वही आता एकाच माणसाची आहे. ती मी बावीस वर्षं रोज बघत होते. कामाच्या वहीतल्या त्यांच्या नोंदी आडव्या असतात, कारण तिथं रकाने छापलेले आहेत. ताटलीवर रकाने नसतात.

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी समितीपुढं त्यांनी जे सांगितलं असतं ते मी पढवलेलं ठरलं असतं.

माझ्या टेबलाशी येऊन मी कागदावर बारा चौकोन काढले. वंग आपेंच्या हातानं भरले: उजवीकडून, वरून खाली. केवड्यावरचे एक ते सहा उजव्या दोन उभ्या ओळींत आले, ताडावरचे सात ते बारा डाव्या दोन ओळींत. आता हीच ताटली यू-फनच्या डोळ्यांनी वाचली, डावीकडून, आडवी. ताड, ताड, केवडा, केवडा. ताड, ताड, केवडा, केवडा. ताड, ताड, केवडा, केवडा.

केवड्यावरचे सगळे आकडीचे असतील आणि ताडावरचे सगळे सरळ, तर हे नेमकं तिच्या रकान्यातलं गाणं होतं.

पण जुळतं म्हणून खरं असतं असं नाही. याच चौकोनांवरून कुणी मागाहून रकाना रचलाही असेल. मला असं काहीतरी हवं होतं जे किड्याच्या अंगावरच असेल. चौकोनांच्या हिशेबानं सहाव्या किड्याचं पोट अकराव्याच्या कुपीत असायला हवं होतं, दुसऱ्याचं आठव्याच्या, असं प्रत्येकाचं. मी यू-फनची किडे पकडतानाची वही मागून घेतली, कारण सांगितलं नाही. बारा नोंदींपैकी अकरांत पोटाबद्दल काही नव्हतं. सहाव्यासमोर होतं: "पोटाच्या डाव्या बाजूला तांबडी गोचीड चिकटलेली. काढली. डाग राहिला."

सहाव्याच्या कुपीतलं पोट मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या. मग अकराव्याचं ठेवलं. डावीकडं, तिसऱ्या वळीवर, एक तपकिरी कडं होतं.

मी खुर्चीत मागं टेकले. आनंद झाला, पण अर्धा मिनिटच. कारण ज्येन लाओशींच्या जागी मी असते तर म्हणाले असते: पेटी दोन दिवस थूच्या ताब्यात होती, थू त्या पोरीची मैत्रीण आहे, आणि तापल्या सुईनं तपकिरी कडं करायला फार काही लागत नाही. ते हे म्हणणार होतेच. आणि ते चुकीचं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं. यू-फनचं नाव पटावर राहायचं असेल तर ही गोष्ट अशा तोंडून यायला हवी होती, ज्या तोंडाला ती लपवण्यात फायदा होता.

त्या संध्याकाळी यू-फननं जिन्यात मला अडवलं. "सापडलं काही?"

"उद्या ये."

"ताई, तूही?" ती म्हणाली. तिनं माझी वाट सोडली, पण डोळे सोडले नाहीत. मला ते लागलं. तरी मी सांगितलं नाही.

शुक्रवारी दोनला आम्ही बसलो. तैपेईहून एक बाई आल्या होत्या आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. बाई कमी बोलत होत्या, गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते, कारण त्यांना पावणेपाचची गाडी होती. ज्येन लाओशींनी रकाना वाचून दाखवला. मी त्यांच्यासमोर वाचला होता तोच, पण गाण्याच्या चालीवर. गृहस्थ हसले. यू-फन हसली नाही. वंग आपेंना साक्षीला बोलावलं होतं. ते स्वच्छ सदरा घालून, तोंड धुऊन दाराजवळ बसले होते.

मी दोन्ही नोंदी वाचल्या. "क्रमानं" आणि "क्रमानं". मग यू-फनला विचारलं, "अठरा तारखेला ताटलीतून पहिलं पोट कुठलं उचललंस?"

"पहिलं म्हणजे? वरचं, डावं."

"मग?"

"मग त्याच ओळीत पुढं. जनुकांच्या नळ्यांची ताटली भरतो तशी. का?"

"लाओशी," मी वळून विचारलं, "वंग आपेंनी भरलेल्या ताटलीतून तुम्ही स्वतः किती वेळा पोटं उचलली असतील?"

"हा काय प्रश्न आहे? हजार वेळा. एकसष्ट जाती काय आभाळातून पडल्या?"

"सुरुवात कुठून करता?"

"उजवीकडून. वरून खाली." त्यांना राग आला होता, आणि रागात त्यांचा हात टेबलावर हवेत उतरला: उजवीकडून, वरून खाली, मग एक घर डावीकडं. "दुसरीकडून कुठून करणार?"

"बरोबर," दाराजवळून वंग आपे म्हणाले. "तसंच असतं."

तैपेईच्या बाईंनी पुढं वाकून प्रबंधाच्या मागच्या कोऱ्या पानावर बारा चौकोन काढले. त्यांनी ते दोनदा भरले, एकदा उभे, एकदा आडवे. पेन खाली ठेवलं आणि पान गृहस्थांकडं सरकवलं. गृहस्थांनी घड्याळ बघणं सोडलं.

यू-फननं ते पान उलट्या बाजूनं वाचलं. ती हरखली नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग कानापासून लाली चढली. "म्हणजे आकार बरोबर होता," ती म्हणाली. "मी सहा महिने... आकार बरोबरच होता."

"आकडी केवड्यावर, सरळ ताडावर," बाई म्हणाल्या. "आणि जनुकंही तेच म्हणतायत. तुझे दोन्ही पुरावे एकाच बाजूला आहेत, पोरी. तूच मधे उभी राहिलीस."

वंग आपे उठले. "म्हणजे चूक माझी?"

"तुमची नाही," मी म्हणाले.

"मग हिची?"

"तिचीही नाही."

"मग कुणाची?" त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाकडं पाहिलं. "कुणाची तरी असेलच ना? नसेल तर मला सदरा घालून कशाला बोलावलं?"

गृहस्थांनी प्रश्न केला की हे सगळं शक्य आहे, पण झालंच हे कशावरून. तेव्हा मी गोचिडीचा डाग सांगितला. अपेक्षेप्रमाणे ज्येन लाओशी म्हणाले, "पेटी दोन दिवस थूकडं होती." कुणी ते उचलून धरलं नाही, पण इतिवृत्तात ते वाक्य गेलं. माझ्याच हस्ताक्षरात.

समितीनं ठरवलं: बनावटीचा आरोप मागं घेतला. नाव पटावर राहील. चौथं प्रकरण रद्द. ऑगस्टच्या आत नव्यानं पकडलेल्या नरांवर तेच काम पुन्हा करून दाखवायचं. दोन्ही पुरावे जुळले तर पदवी, नाही जुळले तर नाही.

जूनमध्ये केवडा फुलला आणि यू-फन आधी किनाऱ्यावर, मग डोंगरात गेली. जाताना तिनं कुणाला बरोबर घेतलं नाही. परत येऊन पोटंही स्वतःच कापली. पहिली तीन फाटली. चौथ्यापासून वंग आपे तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि हात न लावता बोलत राहिले. "सुई आडवी. आडवी म्हटलं. हां. आता श्वास सोडू नकोस. कुणी सांगितलं मरायला? नुसता सोडू नकोस." प्रत्येक पोट कापलं की लगेच ज्याच्या त्याच्या आकड्याच्या कुपीत जात होतं. बारा खळग्यांची ताटली कपाटातच होती. मी मदतीला येऊ का म्हणून विचारलं तेव्हा तिनं नम्रपणे नको म्हटलं. मी पुन्हा विचारलं नाही.

एक ते सहा, आकडी. सात ते बारा, सरळ. पायांवरून आलेली जनुकंही तशीच. ज्येन लाओशींनी बाराही कुप्या एका बैठकीत पाहिल्या, आकडे दोनदा पडताळले, पाय पाठवल्याच्या पावत्या मागितल्या, त्याही पाहिल्या. मग सही केली.

ऑगस्टमध्ये पदवी मिळाली आणि रीतीप्रमाणे यू-फननं गुरुजनांना जेवण दिलं. तुंगकांगच्या धक्क्याजवळ, दुपारचं, गोल टेबल, आम्ही चौघंच. वाफवलेला मासा आला, त्याचं तोंड ज्येन लाओशींकडं करून ठेवला. वंग आपेंनी बिअरचे दोन पेले घेतले होते.

"लाओशी," ते म्हणाले, "एक विचारू? तीस वर्षं तुम्ही माझी ताटली उजवीकडून उचललीत. दोन सरळ, दोन आकडी. तो रकाना बघून तुम्हाला माझी ताटली आठवली नाही?"

ज्येन लाओशींनी माशाचा काटा बाजूला काढला. "आठवली असती तर तुझ्या ताटल्या आणखी कुणी कुणी उचलल्या ते विचारावं लागलं असतं. तीस वर्षांत किती विद्यार्थी झाले?"

"मग विचारायचं."

"मग सगळ्या पेट्या उघडाव्या लागल्या असत्या."

आठवली की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. वंग आपेंनी माझ्याकडं पाहिलं, मी भाताकडं.

यू-फननं चॉपस्टिक्सनं माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढला आणि विद्यार्थ्यानं ठेवावा तसा, दोन्ही हातांनी वाडगा धरून, लाओशींपुढं ठेवला. "सोमवारपासून उघडूया," ती म्हणाली. "ताई, ज्या पेट्यांत कापणारे वंग आपे आणि काढणारा एखादा विद्यार्थी आहे, अशा किती निघतील?"

"अकरा," मी म्हणाले. मी मोजून ठेवल्या होत्या.

ज्येन लाओशींनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुला पदवी मिळाली ना?"

"मिळाली, लाओशी," ती म्हणाली. "म्हणूनच आज विचारता येतंय."